सॅन होजेहून आल्बुकर्कीला सेसना १७२ने: पेट्रोलचा हिशेब मैलांत नको, तासांत करा

वाट अशी: सॅन होजेच्या रीड-हिलव्ह्यू विमानतळावरून निघून सॅन वाकीन खोऱ्यातून बेकर्सफील्ड, मग टेहाचापी खिंड ओलांडून मोहावी वाळवंट आणि डॅगेटला पहिला थांबा. पुढे महामार्ग ४० खाली ठेवत नीडल्स, किंगमन, फ्लॅगस्टाफवरून विन्स्लो. शेवटी आल्बुकर्कीच्या पश्चिमेचा डबल ईगल विमानतळ. एकूण अंतर ८०० नॉटिकल मैलांच्या आसपास. विमान सेसना १७२एस, म्हणजे एका इंजिनाचं चार आसनी छोटं विमान, आणि आत आम्ही तिघं: मी, नवरा आणि मुलगी.

या विमानात वापरता येण्याजोगं पेट्रोल ५३ गॅलन. ताशी ९ गॅलन धरले तर जवळजवळ सहा तास, म्हणजे चिंता नाही असं वाटतं. पण गॅलनभर पेट्रोलचं वजन ६ पौंड, आणि तिघं जण व सामान घेऊन टाक्या गच्च भरल्या तर आमचं विमान २,५५० पौंडांच्या मर्यादेबाहेर जात होतं. त्यात डबल ईगल ५,८३७ फुटांवर. उन्हाळ्याच्या दुपारी तिथली हवा इतकी विरळ होते की पूर्ण वजनाला धावपट्टी बरीच लागते आणि चढाई मंदावते. म्हणून टाकीच्या तोंडाशी जी पट्टी असते, तिच्या खालच्या कडेपर्यंतच भरलं. तेवढं भरलं की दोन्ही टाक्या मिळून ३५ गॅलन वापरता येतात. या प्रवासाचं सगळं नियोजन त्या ३५ गॅलनांभोवती फिरलं.

जाताना वारा पाठीशी होता. डॅगेट ते विन्स्लो सुमारे ३०० नॉटिकल मैल. हवेतला वेग ११५ नॉट (ताशी नॉटिकल मैल) आणि पाठचा वारा २० नॉट, म्हणजे सव्वादोन तासांत पोचलो. चढाईचं दीड गॅलन धरून साधारण २२ गॅलन लागले. हाच टप्पा परतताना तेवढाच वारा समोरून घेऊन केला, तर सव्वातीन तास आणि ३० गॅलन. उरतात ५. अमेरिकेत दिवसाच्या दृश्य उड्डाणाला (बाहेर डोळ्यांनी बघून केलेल्या उड्डाणाला) तीस मिनिटांचा राखीव साठा पुरतो, त्यामुळे नियमाने हे बसतं. पण ते पाच गॅलन दोन पंखांत विभागलेले असतात, आणि एवढ्या कमी पातळीला पेट्रोल दाखवणाऱ्या काट्यांवर मी भरवसा ठेवत नाही. आमच्या घरचा नियम एक तासाचा आहे. तो मोडावा लागेल असा टप्पा आम्ही आखतच नाही, म्हणून परतताना किंगमनला उतरायचं हे घरीच ठरलं होतं.

‘मग खालून उडा, खाली वारा कमी असतो,’ असं कुणी म्हणेल. फ्लॅगस्टाफचा विमानतळच ७,०१४ फुटांवर आहे. पश्चिमेला जाताना ८,५०० फूट घेतले, तर जमिनीपासून दीड हजार फूटच उरतात आणि दुपारचे हेलकावे वेगळेच. १०,५०० घ्यावे तर वारा आणखी जोरात. आम्ही वरचा मार्ग घेतला, पहाटे निघालो आणि किंगमनला टाक्या भरून पुढे खालून आलो. १९२९ मध्ये ट्रान्सकॉन्टिनेन्टल एअर ट्रान्सपोर्टने दिवसा विमान आणि रात्री आगगाडी अशी देश ओलांडणारी सेवा सुरू केली, तेव्हा तिच्या फोर्ड ट्रायमोटर या तीन इंजिनांच्या विमानांचे थांबेही किंगमन, विन्स्लो आणि आल्बुकर्की हेच होते. हा इतिहास वाचला तेव्हा मला फार आनंद झाला.

हवेत असताना नवरा दर अर्ध्या तासाला कागदावर वेळ, जमिनीवरचा वेग आणि उरलेलं पेट्रोल लिहीत होता. पडद्यावरचं यंत्रही आकडा दाखवतं, पण निघताना आपण सांगितलेल्या साठ्यातून ते फक्त इंजिनाकडे गेलेलं वजा करतं. झाकण नीट बसलं नसेल तर पंखावरचा कमी दाब पेट्रोल बाहेर ओढतो आणि त्या यंत्राला पत्ताही लागत नाही. १७२चे पंख डोक्यावर असल्याने झाकणं उडताना दिसत नाहीत. शिडीवर चढून स्वतःच्या हाताने फिरवून पाहा, पंपावरच्या माणसाने लावली असली तरी. टाकीत मोजपट्टीही स्वतःच बुडवा. पंपावर भरलेले गॅलन भागिले उडालेले तास, हा हिशेब प्रत्येक थांब्यावर करा. तुमच्या विमानाचा खरा खप तिथेच कळतो.

मिक्श्चरकडे, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवा-पेट्रोलच्या प्रमाणाकडे, लक्ष असू द्या. ताशी ९ गॅलन हा आकडा वर गेल्यावर नीट लीन केलं (पेट्रोलचं प्रमाण कमी केलं) तरच खरा ठरतो, रिच (पेट्रोल जास्त) ठेवून उडालात तर वरचं सगळं गणित चुकतं. भरताना आणि उतारावर विमान उभं करताना सिलेक्टर (कोणत्या टाकीतून पेट्रोल घ्यायचं ते ठरवणारा खटका) ‘बोथ’वर, म्हणजे दोन्ही टाक्यांवर, न ठेवता डाव्या किंवा उजव्या टाकीवर ठेवा, नाहीतर एका पंखातलं पेट्रोल दुसऱ्यात वाहत राहतं. निघण्यापूर्वी तो पुन्हा ‘बोथ’वर आणायला मात्र विसरू नका. भरून झालं की थोडं थांबून टाक्यांच्या तळाकडच्या सगळ्या ड्रेनमधून (निचऱ्याच्या तोट्यांतून) नमुना काढा. पाणी जड असल्याने तळाशी बसतं.

रीड-हिलव्ह्यूला जानेवारी २०२२ पासून १००एलएल हे विमानांचं शिसेयुक्त पेट्रोल मिळत नाही. तिथून भरणार असाल तर तिथल्या पेट्रोलला तुमच्या विमानाच्या कागदपत्रांत मान्यता आहे का, ते आधी तपासा. वाळवंटातले बरेचसे पंप कार्डावर चालणारे आणि माणसाविना असतात. निघण्याच्या सकाळी नोटॅम (वैमानिकांसाठीच्या ताज्या सूचना) वाचा, तरीही विमानतळाला फोन करून पंप चालू असल्याची खात्री करा आणि तो बंद निघाला तर कुठे जायचं हे नकाशावर खूण करून ठेवा. मोहावी ओलांडताना उत्तरेला एडवर्ड्स हवाई दल तळाचं निर्बंधित क्षेत्र आहे, त्याला वळसा घालायची मिनिटंही हिशेबात धरा.

आणि प्रत्येक टप्प्यासाठी घड्याळातली एक वेळ कागदावर लिहा: या वेळेला चाकं जमिनीवर. पहिल्या अर्ध्या तासातला जमिनीवरचा वेग पाहून ती वेळ गाठता येणार नाही असं दिसलं, तर टाक्या भरलेल्या असतानाच जवळच्या पंपाकडे वळा. आमच्या वाटेवर त्यासाठी नीडल्स आणि किंगमन दोन्ही सोयीचे आहेत.