कुटारात माणूस शोधताना

आज परतवाड्याजवळच्या एका शेतात सोयाबीनच्या कुटाराचा ढीग म्हणजे आमचा बर्फाचा उतार. जानेवारीत पोरांना स्कीइंगसाठी औलीला नेणाऱ्या चार स्वयंसेवक लीडरांची तयारी सुरू आहे. बर्फ नाही म्हणून शिकणं थोडंच थांबतं?

ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडलेल्या माणसाचा ठाव लागावा म्हणून अंगावर बांधायचं, सिग्नल देणारं-पकडणारं मशीन) डब्यात घालून कुटारात पुरला. हिमस्खलनात गाडलेल्या माणसाची वाचण्याची आशा पहिल्या 10-15 मिनिटांनंतर झपाट्यानं घटते, म्हणून घड्याळ लावलं. पहिल्याच पोरीच्या मशीनवरचे अंतराचे आकडे येड्यासारखे नाचायला लागले. 40, 12, परत 38. "दादा, हे काहून असं करून राह्यलं?" मोबाईल तिच्या छातीच्या खिशात! शोधताना तो मशीनपासून निदान 50 सेंटिमीटर लांब हवा, नाहीतर सिग्नल गोंधळतो, हे सकाळीच घोकून घेतलं होतं. (खरं सांगतो, पहिल्यांदा मीही हेच केलं होतं.) 23 मिनिटं गेली.

दुसऱ्या जोडीनं 6 मिनिटांत खुपसून बघायची लांब काठी डब्याला टेकवली. लागलेली काठी न उपसता उताराच्या खालच्या बाजूनं उकरलं. शाब्बास.

शेतमालक काका बांधावरून बघत होते. "काय हारपलं रे पोरंहो?"

"माणूस, काका."

"मंग थांबा, फावडं आनतो."