लाइट बिल किती कमी झालं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: एका पैशानेही नाही. चुलीची धग, पावलांचा दाब, रेडिओच्या लहरी यांतून वीज काढायचा मला नाद आहे हे कळलं की लग्नकार्यात भेटणारे सगळे हेच विचारतात. बिलातलं एक युनिट म्हणजे 1000 वॅट-तास. चुलीच्या धगीवर वीज करणारी माझी प्लेट देते पाव वॅट. म्हणजे एका युनिटला 4000 तास चूल पेटती हवी. हा हिशेब मलाही येतो.

जून 2020 मध्ये, निसर्ग वादळ आलं तेव्हा, लॉकडाऊनमुळे मी श्रीवर्धनजवळ गावीच अडकलो होतो. पोफळी मोडल्या, विजेचे खांब आडवे झाले, गाव अंधारात. काकूच्या चुलीच्या कडेला मी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी बसवली. तिच्यावर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेली पेल्टियर प्लेट, म्हणजे तीच वीज करणारी, वर जुन्या कॉम्प्युटरचा हीटसिंक, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा, त्यावर ओलं फडकं. एक बाजू तापलेली, दुसरी गार, एवढ्या फरकावर ती चालते. आतल्या सोल्डरचा टाका 138 अंश सेल्सिअसला वितळतो, म्हणून जाळाला थेट लावायची नाही. हातात येतो जेमतेम एक व्होल्ट. तो जूल थीफ नावाच्या, व्होल्टेज वाढवणाऱ्या छोट्या सर्किटने चढवला की पांढरा एलईडी लागतो. त्या उजेडात काकूने भाकऱ्या भाजल्या. फडकं सुकलं की दिवा मंदावायचा. मग ती थापता थापताच त्यावर पाण्याचा हबका मारायची.

तिसऱ्या दिवशी शेजारचे आजोबा आले. "मुंबईला पोरीला कळवायचंय. फोन चार्ज होईल काय रे ह्याच्यावर?" फोनची बॅटरी सुमारे 15 वॅट-तासांची. नुसत्या गणितानेच 60 तास. "नाही," म्हणालो. ते दिव्याकडे बघत राहिले, फोन परत सदऱ्याच्या खिशात घातला आणि गेले. शेवटी एका टेम्पोच्या बॅटरीवर गावाचे फोन चार्ज झाले. बिलाचा प्रश्न मला लागत नाही. तो "नाही" अजून लागतो.

सौर दिवा घ्यायचा ना, म्हणाल. बहुतेक वेळा तोच सरस, मान्य. पण स्वयंपाक चालू असताना, आभाळ भरलेलं असताना, चुलीची धग फुकटच जात असते ना!

विशीत मी वहीत लिहून ठेवलं होतं, खेड्यापाड्यांत चुलीवर दिवे लागतील. त्या पोराशी माझं अजून भांडण आहे. त्याला खोटा ठरवावा असं पूर्ण वाटत नाही, खरा म्हणायला पुरावा नाही. सध्या दोन प्लेटी सिरीजमध्ये जोडल्यात, फडक्याऐवजी पाण्याचं भांडं ठेवलंय. भांडं तापलं की फरक जातो आणि दिवा विझतो. तिथे अडलंय.