वर्षभराचं निलंबन बडतर्फीपेक्षा जड का?

विधानसभेत कुणी राजदंड पळवला, हौद्यात उतरून घोषणा दिल्या, की ‘निलंबित करा’ ही मागणी होतेच. किती दिवसांसाठी, हे फारसं कुणी विचारत नाही. मेख तिथेच आहे.

महाराष्ट्र विधानसभेच्या नियम ५३ मध्ये पायऱ्या आहेत. बेशिस्त वागणाऱ्या सदस्याला अध्यक्ष बाहेर काढतात, तेव्हा त्याचा फक्त तो दिवस जातो. त्याच अधिवेशनात पुन्हा तसं घडलं, तर जास्तीत जास्त ते अधिवेशन संपेपर्यंत. पुढे नियम जातच नाही, कारण हेतू कामकाज सुरळीत चालावं एवढाच. लोकसभेचा नियम ३७४-अ कडक वाटतो, कारण अध्यक्षांनी नाव घेतलं की निलंबन आपोआप. पण तिथेही मर्यादा सलग पाच बैठका किंवा उरलेलं अधिवेशन, यांपैकी जे कमी ते.

५ जुलै २०२१ रोजी दोन दिवसांच्या अधिवेशनात भाजपच्या १२ आमदारांना तालिका अध्यक्षांशी (अध्यक्षांच्या जागी कामकाज चालवणाऱ्या सदस्याशी) गैरवर्तन केल्याच्या ठपक्यावरून ठरावाने वर्षभर निलंबित केलं गेलं. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०२२ रोजी त्या अधिवेशनापलीकडचं निलंबन घटनाबाह्य ठरवलं.

इथला हिशेब नीट पाहा. विनापरवानगी ६० दिवस गैरहजर राहिलेल्याची जागा सभागृह राज्यघटनेच्या कलम १९०(४) खाली रिक्त घोषित करू शकतं. (सत्रसमाप्तीचा किंवा सलग चार दिवसांहून जास्त तहकुबीचा काळ त्यात धरत नाहीत.) जागा रिक्त झाली की लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १५१-अ नुसार साधारणपणे सहा महिन्यांत पोटनिवडणूक. म्हणजे बडतर्फ, अर्थात आमदारकीच गेलेल्या, आमदाराच्या मतदारसंघाला सहा महिन्यांत नवा आमदार मिळतो. वर्षभर निलंबित आमदाराची जागा कागदावर भरलेली, त्यामुळे पोटनिवडणूक नाही आणि सभागृहात बोलायलाही कुणी नाही. शिक्षा खरं तर मतदारांना! बहुमत काठावरचं असेल तर विरोधकांची मतं कमी करायला हे आयतं हत्यार आहे.

विधिमंडळाच्या कामकाजाला न्यायालयीन चौकशीपासून संरक्षण देणाऱ्या राज्यघटनेच्या कलम २१२ ची ढाल इथे चालत नाही. ती कार्यपद्धतीतल्या त्रुटींसाठी आहे, घटनाबाह्य कृतीसाठी नाही.

गुन्हा खरोखर गंभीर असेल तर बडतर्फीचा मार्ग आहेच. पैसे घेऊन प्रश्न विचारल्याच्या प्रकरणात २३ डिसेंबर २००५ रोजी ११ खासदार बडतर्फ झाले, आणि संसदेचा तो अधिकार न्यायालयाने २००७ मध्ये मान्य केला. त्यासाठी सदस्याचं म्हणणं ऐकलेलं हवं. बडतर्फ झालेला माणूस, अन्य कायद्याने अपात्र नसेल तर, त्याच पोटनिवडणुकीत पुन्हा उभा राहू शकतो.