पीकेएक्झेकमधला तो ‘एस’

लातूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात लॅब आणि सर्व्हर मी सांभाळतो. २६ जानेवारी २०२२. झेंडावंदन उरकून गाडीला किक मारतोय तोच थर्ड इयरच्या एका पोराचा फोन. "सर, पीकेएक्झेकचं वाचलं का? माझ्या लॅपटॉपवर करून बघितलं, डायरेक्ट रूट मिळतंय. शप्पथ सर, आपल्या सर्व्हरला हात नाही लावला."

गाडी बंद करून तसाच लॅबमध्ये शिरलो. पीकेएक्झेक म्हणजे लिनक्सवर रूटच्या अधिकारानं कमांड चालवून देणारा प्रोग्रॅम, आणि रूट म्हणजे मशीनवर सगळं करू शकणारा युजर. क्वालिस या सुरक्षा कंपनीने आदल्याच दिवशी ही त्रुटी जाहीर केली होती, नोंद क्रमांक सीव्हीई-२०२१-४०३४, आणि काही तासांतच तिचा फायदा घेणारा कोड सगळीकडे फिरला होता. त्रुटी ‘लोकल’, म्हणजे मशीनवर आधीच शिरलेल्यालाच वापरता येणारी, म्हटलं की लोक निवांत होतात, आधी मशीनवर अकाउंट तर पाहिजे ना! पण कोरोनामुळे वर्ग ऑनलाइन होते आणि सर्व्हरवर १४० पोरांची अकाउंट होती. आमच्याकडे लोकल म्हणजे अख्खी बॅच.

पीकेएक्झेकच्या फाइलवर ‘एलएस -एल’ ही परवानग्या दाखवणारी कमांड मारली. परवानग्यांमध्ये मालकाच्या, म्हणजे रूटच्या, ‘एक्स’च्या (चालवायच्या परवानगीच्या) जागी ‘एस’. म्हणजे कुणीही चालवा, प्रोग्रॅम रूट म्हणूनच चालणार. मूळ चूक वाचली तेव्हा मात्र अंगावर काटा आला. पीकेएक्झेक आर्ग्युमेंट, म्हणजे कमांडसोबत दिलेले शब्द, एकपासून वाचत जातो; शून्यावर त्याचं स्वतःचं नाव असतं. नावासकट अख्खी यादीच रिकामी असेल, हे त्यात धरलेलंच नाही. मग तो यादी ओलांडून शेजारच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलच्या (प्रोग्रॅमला बाहेरून मिळणाऱ्या सेटिंगच्या) जागेत वाचतो आणि तिथंच लिहितोही. धोक्याचं म्हणून सुरुवातीलाच काढून टाकलेलं व्हेरिएबल असं परत आत येतं. हे मे २००९ पासून, अगदी पहिल्या आवृत्तीपासून. आमची ही पोरं तेव्हा दुसरी-तिसरीत पाढे म्हणत होती.

उबुंटू या लिनक्सच्या २०.०४ आवृत्तीवर अपडेट दोन मिनिटांत झालं, रीबूटही लागला नाही. अडलं ते जुन्या १६.०४ च्या मशीनवर. त्याचा मोफत सपोर्ट एप्रिल २०२१ मध्येच संपलेला. तिथं परवानग्या बदलणारी ‘सीएचमॉड ०७५५’ कमांड देऊन तो ‘एस’ काढला. मग ऑथ लॉग, म्हणजे लॉगिन आणि अधिकारांच्या नोंदी, चाळला. अशा हल्ल्यात उमटू शकणारी ‘शेल’ व्हेरिएबलची तक्रार कुठंच सापडली नाही. पण माग न ठेवताही हे करता येतं, असं क्वालिसनेच लिहिलं होतं. त्यामुळं जीव काही शांत होईना. शेवटी रूटचा पासवर्ड आणि दुरून लॉगिन करायच्या एसएसएच किल्ल्या बदलल्या.

संध्याकाळी त्याच पोराला फोन केला. म्हटलं, "आता माझ्यासमोर जुन्या मशीनवर चालव." स्क्रीन शेअर करून त्यानं कोड चालवला. एकच ओळ आली: पीकेएक्झेक सेटयूआयडी रूट असलाच पाहिजे. म्हणजे तो ‘एस’ हवा, आणि तोच मी काढला होता.

"गेलं सर," तो म्हणाला.