मोहंतींचा निबंध आणि लोकमान्य नगरातल्या राख्या

स्त्रीवादी अभ्यासक चंद्रा तळपदे मोहंती म्हटलं की सगळे त्यांच्या १९८४ च्या ‘अंडर वेस्टर्न आइज’ या निबंधापाशी थांबतात, आणि त्यातही पाश्चात्त्य स्त्रीवाद्यांना त्यांनी सुनावलं तेवढ्यापाशीच. मुंबईत जन्मलेल्या, दिल्ली विद्यापीठात शिकलेल्या, पुढे अमेरिकेत सिराक्यूज विद्यापीठात प्राध्यापक झालेल्या या बाईंनी त्यात झेड प्रेस या लंडनच्या प्रकाशनाची ‘तिसऱ्या जगातल्या’, म्हणजे आशिया-आफ्रिकेसारख्या भागांतल्या स्त्रियांवरची पुस्तकं तपासली. त्यांत देश कुठलाही असो, बाई तीच: गरीब, अडाणी, रूढीत जखडलेली, सोसणारी. मग तिच्याबद्दल लिहिणारी आपोआप शिकलेली आणि मोकळी ठरते. यावर वर्गात चर्चा छान रंगते, कारण दोषी लांबचे असतात.

पण त्याच निबंधात मोहंती आणखी एक गोष्ट सांगतात. आशिया-आफ्रिकेतल्या शहरी, मध्यमवर्गीय अभ्यासक आपल्याच देशातल्या कष्टकरी बायकांबद्दल लिहिताना स्वतःचं जगणं हेच माप धरतात, तेव्हा हीच टीका त्यांनाही लागू होते. मी ठाण्यात समाजशास्त्र शिकवते. मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

लोकमान्य नगरात आमच्या शेजारच्या वहिनी राख्या करतात. रक्षाबंधनाच्या कितीतरी आधी माल येऊन पडतो: पोत्यात रेशमी दोरे, स्पंजचे गोल, पुड्यांत खडे आणि टिकल्या. पैसे ग्रोसवर, ग्रोस म्हणजे बारा डझन. दुपारची भांडी आवरली की वहिनी भिंतीला टेकून बसतात. काडीच्या टोकाने गमाचा ठिपका, त्याच काडीने खडा उचलायचा, ठिपक्यावर टेकवायचा, अंगठ्याने दाबायचा. शाळेतून आली की मुलगी दोरे लावते. खडा वाकडा बसला तर माल परत.

मागे एका संस्थेच्या दोन मुली फॉर्म घेऊन आल्या. शिक्षण किती, नवरा पितो का, मारतो का. व्यवसायाच्या रकान्यात त्यांनी ‘गृहिणी’ लिहिलं. पोतं त्यांच्या गुडघ्याला लागत होतं. वहिनीही म्हणाल्या, “मी काही काम करत नाही हो, फावल्या वेळात आपलं हे.” नवरा मारतो का हे विचारायलाच हवं. पण दराबद्दल एकही प्रश्न नव्हता, याचा मला अजून राग येतो.

म्हणून मी मुलांना नरसापूरबद्दल सांगते. आंध्रातल्या या गावातल्या बायका घरी बसून लेस विणत आणि ती परदेशी बाजारात जाई. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी १९८२ मध्ये त्यांच्यावर पुस्तक लिहिलं. या तर गृहिणी, विणतात ते फावल्या वेळात, असं एकदा ठरवलं की मजुरी कमीच ठेवता येते, हे त्यांनी दाखवलं. शिवाय कापू जातीच्या बायकांना घराबाहेर न पडण्याचा अभिमान. शेतावर मजुरीला जाणाऱ्यांपेक्षा आपण वरच्या, ही भावना. व्यापाऱ्याला आणखी काय हवं? मोहंतींनी हे पुस्तक चांगल्या अभ्यासाचा नमुना म्हणून पुढे ठेवलं. लेखिका युरोपातली, म्हणून तिला झोडपलं नाही. मोहंतींना फक्त पाश्चात्त्यविरोधी ठरवणाऱ्यांनी हे भाग वाचावेत.

१९९७ च्या लेखात तर त्यांनी नरसापूरच्या बायकांशेजारी सिलिकॉन व्हॅलीत इलेक्ट्रॉनिक्सचं काम करणाऱ्या आणि ब्रिटनमध्ये घरून किंवा घरच्या धंद्यात राबणाऱ्या स्थलांतरित बायका आणल्या. सगळ्या बिचाऱ्या आहेत म्हणून नव्हे. तिन्हीकडे त्यांचं काम बायकांचं म्हणून हलकं धरलं जातं, तेव्हा त्यांचं हितही एक असू शकतं आणि लढाही, हा त्यांचा मुद्दा. २००३ च्या ‘फेमिनिझम विदाउट बॉर्डर्स’मध्ये हाच धागा जागतिक भांडवलशाहीपर्यंत जातो. जातीला मात्र त्यांच्याकडे पुरेशी जागा मिळत नाही, असं माझं मत आहे. त्यासाठी समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी १९९८ मध्ये दलित स्त्रीवादी भूमिकेवर लिहिलेला लेख मी सोबत वाचायला देते.

यंदा आमच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलींनी स्वतःची प्रश्नावली केली. ग्रोसला काय मिळतं, दर कोण ठरवतं, माल कुठून येतो, कुठे जातो. वहिनींना ती आधी दाखवली. त्यांनी चष्मा लावून सगळी वाचली आणि म्हणाल्या, “यात एक राहिलं. परत आलेल्या मालाचे पैसे कापतात का, ते विचारा. आणि दुरुस्त करायला लागतो तो वेळ कोण मोजतं, तेही.” दोन्ही प्रश्न आम्ही घातले.