ब्याडगीच्या बाजारात

दरवर्षी मार्चअखेर आमच्या घरी मसाल्याच्या मिरच्या येतात. गच्चीवर जुनं लुगडं अंथरून त्यांना ऊन द्यायचं आणि दुपारभर आईशेजारी बसून देठं खुडायची, हे माझं लहानपणापासूनचं काम. आईचं प्रमाण ठरलेलं : तिखटाला लवंगी, चवीला संकेश्वरी, रंगाला बेडगी. ही बेडगी म्हणजे एका गावाचं नाव, हे मला फार उशिरा कळलं. यंदा ते गाव बघून आले.

हुबळीहून पॅसेंजरने निघालं की हावेरीच्या पुढे ब्याडगी. मोठा बाजार सोमवारी आणि गुरुवारी भरतो, म्हणून गुरुवारच गाठला. बाजार समितीच्या आवाराजवळ पोचले आणि पहिला ठसका लागला. ही मिरची फारशी तिखट नाही. पण इतकी पोती एका जागी आली की हवाच लाल होते. जानेवारीपासून उन्हाळ्यापर्यंत हेच चालतं. धारवाड, गदगपासून बळ्ळारी, रायचूरपर्यंतचा माल इथे उतरतो. २०११ साली या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालं.

दलालांच्या दुकानांपुढे पोती तोंड उघडून मांडलेली. व्यापारी एकेका ढिगापाशी थांबतात, मूठभर मिरच्या दाबून खुळखुळ ऐकतात, एखादी मोडून बी बघतात आणि पुढे सरकतात. ओरडून बोली लावणं नाही. ज्याचा त्याने आपला आकडा निविदेत भरायचा; भाव नंतर जाहीर होतो. तोवर शेतकरी आपल्या पोत्यांना टेकून बसलेला. सहा महिन्यांच्या कष्टांचा आकडा कुणीतरी गुपचूप लिहून गेलंय आणि आपल्याला अजून माहीत नाही, ती दुपार कशी जात असेल? मार्च २०२४ मध्ये भाव एकाएकी पडले तेव्हा संतापलेल्या शेतकऱ्यांनी इथेच गाड्या पेटवल्या होत्या. त्या बसलेल्या माणसांकडे बघताना ते सारखं आठवत होतं.

एका दलालाने मला दोन ढीग दाखवले. 'डब्बी' आखूड, गुबगुबीत, बियांनी भरलेली, ती मसाल्याची. 'कड्डी' म्हणजे काडीच, लांब, बारीक, सुरकुतलेली. तिचा अर्क काढतात. टनभर मिरचीतून सुमारे ५० लिटर निघतो, आणि तो खाद्यपदार्थांना रंग देतो, लिपस्टिकलाही. आमच्या रश्श्यावरचा तवंग आणि कुणाच्या ओठांवरचा लाल रंग एकाच शिवारातला!

पण मन रमलं ते मागच्या गोदामात. तिथे तीस-चाळीस बायका पदराने नाकतोंड बांधून देठं खुडत होत्या. मजुरी किलोवर. "कुंडरी अक्का," एकीने सरकून जागा दिली. माझं कानडी मोडकं, पण देठ खुडायला भाषा लागत नाही. माझी एक होईस्तोवर तिच्या चार झालेल्या. घरी दुपारभरात दोन किलो करतो म्हटल्यावर सगळ्या खळखळून हसल्या. मग तिने माझा अंगठा धरून दाखवलं : ओढायचं नाही, देठ नखाने दाबून वळवायचं, म्हणजे मिरची फाटत नाही आणि बी सांडत नाही. तिचा अंगठा नखापासून पेरापर्यंत लाल होता. रात्री आग होते का, विचारलं. खोबरेल लावते म्हणाली, आणि हात थांबवलाच नाही.

बाहेर येऊन गिरमिट आणि मिरची-भजी खाल्ली. चुरमुऱ्यांत कांदा-टोमॅटोचा मसाला कालवलेलं हे गिरमिट या भागाचं खास. त्या ठसक्यानंतरही भजी गोडच लागली.

निघताना दुकानातून तीन किलो डब्बी घेतली. "देठासकट की बिनदेठाची?" दुकानदाराने विचारलं. देठासकट, म्हटलं. आईला ती अंगठ्याची युक्ती दाखवायची आहे.