गोल आपलाच होता

रविवार, सकाळ

काल रात्रीपासून एकच गोष्ट डोक्यातून जात नाही. आमचा गोल झाला आणि मला वाईट वाटलं.

आप्पा उठून टाळ्या वाजवत होते. मी मोबाईलवरच्या फँटसी फुटबॉलच्या ॲपकडे बघत होतो. खऱ्या मॅचमधले अकरा खेळाडू निवडून आपली टीम लावायची, ते मैदानात जे करतील त्याचे गुण आपल्याला, असा तो खेळ. "आपलाच गोल की रे! मग?" त्यांनी विचारलं. मी झोप आल्याचं सांगून वेळ मारून नेली. झोप कसली.

नीट आठवून लिहितो. ८३वं मिनिट, ०-०. टीव्हीवरचं चित्र मैदानाच्या मागे चालतं, ॲपवरचे गुण त्याच्या आधी येतात. त्यामुळे टीव्हीवर बॉल अजून आमच्याच हाफमध्ये फिरत होता, तेव्हाच हातातला आकडा झटकन खाली आला. गोल झाला हे मला कळलं होतं, आप्पांना नाही. मग वीसेक सेकंद मी तो गोल येताना बघत बसलो. डावीकडून पास, एक टच, बॉक्सच्या कडेवरून मारलेला शॉट, जाळं हललं. असा गोल बघायला एरवी मी रात्र रात्र जागलो असतो. काल तो बघताना छातीत फक्त काहीतरी खाली गेलं.

हिशेब सांगतो, कारण हिशेबाशिवाय हे दुखणं कळत नाही. समोरच्या संघाचा गोलकीपर आणि सेंटर बॅक असे दोघे घेतले होते, सेंटर बॅक व्हाइस कॅप्टन, म्हणजे त्याचे गुण दीडपट. निवड चुकीची नव्हती. क्लीन शीटला, म्हणजे संघाने एकही गोल खाल्ला नाही तर, २० गुण. एकाच संघाचे मागचे दोन घेतले की ते गुण एकदम मिळतात किंवा एकदम जातात, आणि ग्रँड लीगमध्ये, म्हणजे खूप टीम असलेल्या मोठ्या स्पर्धेत, वर यायचं तर अशी जोडीच लागते. गोल झाला आणि कीपरचे २० गेले, सेंटर बॅकचे दीडपटीने ३० गेले, शिवाय गोल खाल्ल्याचे उणे २ आणि उणे ३. एकूण ५५. गोल मारला आमच्याच मिडफिल्डरने. क्रेडिट म्हणजे ॲपवरची खेळाडूची किंमत, ठरलेल्या क्रेडिटमध्येच टीम बसवायची. तो ९ क्रेडिटचा, आणि माझ्याकडे शेवटी साडेआठ उरले होते. मिडफिल्डरच्या गोलला ५०. ज्यांच्या टीममध्ये तो होता आणि माझी जोडी नव्हती, त्यांच्यात आणि माझ्यात एका शॉटने १०५ गुणांचं अंतर पडलं. अर्ध्या क्रेडिटपायी. रात्री दीड वाजेपर्यंत मी त्या अर्ध्या क्रेडिटशी भांडत होतो. राइट बॅक स्वस्तातला घेतला असता तर, सब म्हणून येणाऱ्यावर पैज लावली नसती तर.

पण हे गुणांचं दुःख. माझा प्रश्न वेगळा आहे. गोल आपलाच होता.

पैसे असते तर समजलं असतं. काल एक रुपयाही लावलेला नव्हता. २२ ऑगस्ट २०२५ ला ऑनलाइन गेमिंगच्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली, पैशांच्या स्पर्धा बंद पडल्या, आता जे आहे ते फुकट. तेव्हा मला वाटलं होतं की बोच पैशाचीच होती, ती जाईल. तेव्हाचं गणित तरी स्वच्छ होतं. दोघांनी शंभर-शंभर लावले आणि ॲपने १५ टक्के कापले, तर जिंकणाऱ्याला १७० मिळणार. म्हणजे शंभरातल्या पन्नास मॅच जिंकणारा बरोबरीत नसतो, तोट्यात असतो. नुसती बरोबरी साधायला ५९ जिंकाव्या लागतात. त्यावर १ एप्रिल २०२३ पासून निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के टीडीएस, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरपासून भरलेल्या पैशांवर २८ टक्के जीएसटी. हे सगळं वहीवर मांडता यायचं. कालचं मांडता येत नाही.

आमची बेळगावची पोरं शिनोळीला जायची ते दिवस आठवले. ऑक्टोबर २०२१ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कर्नाटकाचा कायदा आला आणि इथलं लोकेशन दाखवलं की स्पर्धा उघडायची नाही. वेंगुर्ला रोडने हद्द ओलांडली की चंदगड तालुका, महाराष्ट्र. तिथे तेच ॲप चालू. गाडी रस्त्याकडेला लावून, लाइनअप, म्हणजे मॅचला उतरणारे अकरा, बघून, टीम सेव्ह करून पोरं परत यायची. १४ फेब्रुवारी २०२२ ला हायकोर्टाने त्या बंदीची कलमं रद्द केली आणि त्या फेऱ्या थांबल्या. आपल्या भागात हद्दीवरून काय काय ठरतं ते नव्याने सांगायला नको. जाऊ दे, तो विषय निघाला की दुसरंच लिहीत बसेन.

तर मग बोच कशाची?

बहुतेक अशी. हा खेळ गोलाचा अर्थ बदलून टाकतो, आणि तो हळूहळू बदलतो, म्हणून लक्षात येत नाही. ग्रँड लीगमध्ये ६० टक्के टीमचा कॅप्टन एकच असेल आणि तुमचाही तोच असेल, तर त्याने गोल मारला तरी तुम्ही त्या ६० टक्क्यांच्या पुढे एक पाऊलही जात नाही. फॉरवर्डच्या गोलचे ४०, कॅप्टन म्हणून दुप्पट ८०, आणि रँक जवळजवळ जागच्या जागी. आनंद नाही, नुसती सुटका. २०२४-२५ मध्ये लिव्हरपूलच्या सलाहने फँटसी प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या लीगवरच्या मोसमभराच्या खेळात, ३४४ गुण केले, त्या खेळातला विक्रम. तो ज्यांच्याकडे होता त्यांना "वाचलो" वाटायचं, ज्यांच्याकडे नव्हता त्यांचा शनिवार जायचा. इतक्या सुंदर मोसमाची आठवण अनेकांकडे सुटकेचा सुस्कारा म्हणून राहिली आहे.

आणि भीती किती बारीक गोष्टींची असते! फँटसी प्रीमियर लीगमध्ये डिफेंडरला क्लीन शीटचे ४ मिळायला ६० मिनिटं मैदानात राहावं लागतं. ५९व्या मिनिटाला तो लंगडत बाहेर आला की ते चारही गेले, आणि खेळल्याचे दोनऐवजी एकच गुण. उलट ६५व्या मिनिटाला बाहेर बसवला आणि ९०व्याला संघाने गोल खाल्ला, तरी त्याचे चार शाबूत. आपण मग त्या माणसाच्या पायाकडे बघत नाही, घड्याळाकडे बघतो. व्हीएआरवर, म्हणजे पंच व्हिडिओ तपासतात तेव्हा, ऑफसाइडची रेघ मारली जाते तेव्हा मिळालेले गुण परत जातात. रात्री असिस्ट म्हणून धरलेला पास सकाळी असिस्ट राहत नाही. जिंकून झोपलेला माणूस हरलेला उठतो.

डेलीची, म्हणजे मी खेळतो त्या एका मॅचपुरत्या खेळाची, जखम आणखी खोल, कारण तिथे न कळल्याचा आधार नाही. फँटसी प्रीमियर लीगची मुदत पहिल्या मॅचच्या ९० मिनिटं आधी संपते, लाइनअप त्यानंतर येतात. कोणी बेंचवर निघाला तर कोचला बोल लावता येतो. डेलीत लाइनअप डोळ्यांसमोर ठेवून टीम लावायची. पेनल्टी कोण मारतो, कॉर्नर कोण घेतो, खेळणार असल्याचा हिरवा ठिपका कोणासमोर आहे, सगळं दिसत असतं. चुकलं तर आपणच चुकलो. काल मी चाळीस मिनिटं बसून आपल्याच संघाविरुद्ध टीम लावली. कोणी सांगितलं नव्हतं. ०-० होईल असं खरंच वाटत होतं. आणि एकदा टीम लावली की मन तिच्या बाजूने जातं, हे मला माहीत असायला हवं होतं.

कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार हे तालमींचे संघ समोरासमोर आले की गोलाला एकच अर्थ असतो. आपला किंवा त्यांचा. माती, घाम, शिट्ट्या, आणि एक बाजू. आमच्या लेले मैदानावर दुपारी पोरं खेळतात तिथेही तेच. काल दोन्ही बाजू माझ्याच होत्या, म्हणून गोल कुठल्याच बाजूला पडला नाही.

हे लिहून थोडं हलकं वाटतंय. खेळ सोडणार नाही. क्रेडिट जुळवण्यात, लाइनअप आल्यावरच्या त्या धावपळीत, स्वस्तातला राइट बॅक शोधून काढण्यात जो आनंद आहे तो खरा आहे, त्याची लाज वाटायचं कारण नाही. रात्री एकटं जागण्यापेक्षा ते बरं. पण आमच्या मॅचला टीम लावायची नाही. फुकटचीही नाही, अकरा जण भरून "बघू या" म्हणूनसुद्धा नाही. आणि मॅच चालू असताना मोबाईल आतल्या खोलीत, म्हणजे गोल आप्पांना आणि मला एकाच वेळी दिसेल.

आत्ता चहा घेताना आप्पांनी पुढची मॅच कधी म्हणून विचारलं. मंगळवारी रात्री, पण दीड वाजता, म्हणजे बुधवार लागलेला असणार. ते म्हणाले, "मग दुपारी थोडं झोपून घेतो."